दुष्काळातील पुस्तक-प्रदर्शन

यंदाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी ‘बालपणीचे वाचन’ या विषयावर काही लिहून द्यावे, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले. मी काही लेखिका नव्हे. मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, एवढाच माझा आणि साहित्याचा संबंध. तरी नाही म्हणवेना. कारण विषय निघताच डोळ्यांसमोर एकच चित्र उभे राहिले. नगर जिल्ह्यातील, पारनेर तालुक्यातील आमच्या गावची शाळा, तिची पत्र्याची ओसरी, आणि ओसरीत बाकांना बाके जोडून, वर सतरंज्या अंथरून मांडलेली पुस्तके. साल १९७२, महिना डिसेंबरचा. मी सहावीत होते.

१९७२ साल म्हटले की आमच्या वयाच्या माणसांना दुसरे काही आठवतच नाही. त्या वर्षी पावसाने पाठ फिरविली. विहिरींचे तळ दिसू लागले, जनावरे कवडीमोलाने गेली. रेशनवर अमेरिकेहून आलेला तांबडा मिलो मिळे. त्याच्या भाकरी थापता थापता तुटत. गावोगाव दुष्काळी कामे निघाली होती. नालाबांध, पाझर तलाव, रस्ते, आणि रस्त्यांसाठी फोडायची खडी. आमचे वडील मुंबईला गिरणीत बदली कामगार होते. त्यांचा पैसा महिन्याला येईच असे नव्हते. म्हणून आई खडी फोडायला जाई. सकाळी सूर्य उगवायच्या आत हातोडी घेऊन निघायचे, ढिगापाशी बसायचे, आणि उन्हे कलली की बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या अशी परत यायची. दिवसाची मजुरी तीन रुपयांच्या आतच पडे. कामावर सुकडी मिळे, त्यातली मूठभर पदराला बांधून ती आम्हां भावंडांसाठी आणी.

अशा वर्षी शाळेत पुस्तकांचे प्रदर्शन कशासाठी, असे कोणालाही वाटेल. गावातल्या काही शहाण्या माणसांनी तसे बोलूनही दाखविले. परंतु १९७२ हे वर्ष युनेस्कोने आंतरराष्ट्रीय ग्रंथवर्ष म्हणून जाहीर केलेले होते. त्याच वर्षी दिल्लीत पहिला जागतिक पुस्तक मेळावा भरला होता. तेव्हा हे आम्हांला काय ठाऊक असणार! आमच्या वर्गाच्या बाईंनी ते वर्तमानपत्रात वाचले होते, आणि वर्ष सरायच्या आत आपल्याही शाळेत पुस्तके यावीत असा ध्यास घेतला होता. शाळेत त्या एकट्याच बाई; बाकी सारे गुरुजी. त्यांनी नगरच्या एका पुस्तकविक्रेत्याला गळ घातली आणि एका गुरुवारी दुपारच्या एस. टी. च्या टपावरून तीन पत्र्याच्या ट्रंका उतरल्या. वर्गातली मोठी मुले त्या डोक्यावर घेऊन शाळेकडे निघाली, तेव्हा गावात पाण्याचा टँकर आल्यासारखी पोरे मागे धावली.

तोवर मी छापील अक्षरे पाहिली होती ती पाठ्यपुस्तकांत, औषधाच्या बाटलीवर आणि वाण्याच्या पुडीवर. पुडीचा कागद उलगडून वाचायची मला खोड होती. अर्धी बातमी पुडीत असे, अर्धी दुसऱ्याच्या घरी गेलेली असे. याखेरीज वडिलांचे पोस्टकार्ड आले की ते मी आईला वाचून दाखवी. ‘पत्रास कारण की’ पासून ‘लहानांस आशीर्वाद’ पर्यंत आई ते तीनदा ऐके. आईला अक्षरओळख नव्हती. तिची सही म्हणजे अंगठा.

ट्रंका उघडल्या आणि नव्या कोऱ्या कागदाचा व शाईचा वास ओसरीभर पसरला. तो वास मला आजही आठवतो. डांबराच्या गोळ्यांचा थोडा वास त्यात मिसळलेला होता. मांडणी करायला बाईंनी आम्हां चार मुलींना घेतले होते, त्यामुळे साऱ्यांच्या आधी पुस्तके हाताळायला मिळाली. एका बाकावर इसापनीती, बिरबल, पंचतंत्र. एकावर थोरांची चरित्रे. मद्रासहून निघणाऱ्या ‘चांदोबा’चे जुने अंक एका दोरीवर कपड्यांसारखे टांगले होते. पाठ्यपुस्तक मंडळाने आदल्याच वर्षी, १९७१ च्या नोव्हेंबरात सुरू केलेला ‘किशोर’ होता. नॅशनल बुक ट्रस्टची रंगीत चित्रांची नेहरू बाल पुस्तकालयातील पुस्तके होती. ती दीड-दोन रुपयांत मिळत. ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’ होता. आणि कडेच्या बाकावर, साध्या बांधणीतले, साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ होते. एकच प्रत होती.

प्रदर्शन तीन दिवस होते. नियम असा ठरला की, आधी मुले पाहतील, मग मुली. तो कोणी ठरविला हे सांगण्यात आता अर्थ नाही. त्या काळी कोणालाही तो नवलाचा वाटला नाही, आम्हांलाही नाही. मुलांचे वर्ग दोन दिवस पाहत राहिले, आणि मुलींच्या वाट्याला शनिवारची सकाळची शाळा सुटल्यानंतरचा तास आला. बाईंनी मात्र एक केले. मांडणी करताना मी कोणते पुस्तक हातातून खाली ठेवीत नव्हते ते त्यांनी पाहिले होते. त्यांनी ती प्रत उचलून विक्रेत्याच्या ट्रंकेत तळाशी ठेवली आणि म्हणाल्या, “शनिवारपर्यंत हे कोणाला दाखवू नका.” विक्रेता हसून म्हणाला, “बाई, विकलं नाही तर परत न्यायचं ओझं माझ्याच डोक्यावर!”

गुरुवारी व शुक्रवारी मधल्या सुटीत मी ट्रंकेपाशी उभी राहून ते पुस्तक वाचले. विक्रेता एवढेच म्हणे, “पानं दुमडू नको, मुली.” दोन दिवसांत पाच ‘रात्री’ वाचून झाल्या. ज्यांनी हे पुस्तक वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की, त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमातल्या मित्रांना श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. अशा बेचाळीस रात्री. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात असताना ते लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. आचार्य अत्र्यांनी १९५३ साली त्यावर चित्रपट काढला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. हे सारे पुढे कळले. तेव्हा मला एवढेच कळत होते की, सदतीस रात्री उरल्या आहेत आणि शनिवारी ट्रंका बंद होणार आहेत.

पुस्तकाची किंमत आईच्या एका दिवसाच्या मजुरीएवढी होती. घरी मागायची छाती झाली नाही. मिलोच्या भाकरीबरोबर खायला कालवण नव्हते, तिथे पुस्तक कोठून आणायचे? परंतु लहान मुलांच्या तोंडावर सारे दिसते. शुक्रवारी रात्री आईने विचारले, “काय गं, जेवली का न्हाईस?” मी सांगितले. आई काही बोलली नाही. कंदिलाची वात बारीक करून ती झोपली.

शनिवारी दुपारी मी ओसरीत उभी होते. पुस्तके अर्धी संपली होती. तेवढ्यात आई शाळेच्या फाटकातून आत आली. कामावरून ती परभारे आली होती; पायांवर, लुगड्यावर, भुवयांवरसुद्धा खडीची पांढरी धूळ होती. शाळेत ती यापूर्वी कधीच आली नव्हती, माझे नाव घालायलाही नाही. ओसरीच्या पायरीशी थांबून तिने चपला काढल्या, देवळात काढतात तशा. बाई पुढे झाल्या. आईने विचारले, “हिचं कोणतं?” विक्रेत्याने ट्रंकेच्या तळातून पुस्तक काढून तिच्या हातात दिले. तिने हात लुगड्याला दोनदा पुसले, मग घेतले. उलटेच धरले होते. पानांवरून बोटे फिरवून ती म्हणाली, “लई बारीक लिवलंय. पुरंल बरेच दिवस.” आणि कनवटीचे पैसे काढून तिने मोजून दिले. विक्रेत्याने चार आणे परत केले. बाईंनी डोळ्याला पदर लावला, तो धुळीमुळे असेल असे मला तेव्हा वाटले.

घरी येताना मात्र आईने अट घातली. “येकटीनं वाचायचं न्हाई. मला बी ऐकव. माझं पैसं हायेत त्यात.”

त्या रात्रीपासून वाचन सुरू झाले. पहिल्या दिवशी आई, मी आणि धाकटा भाऊ. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू आली. आठवड्याभरात आईच्या बरोबर खडी फोडणाऱ्या सात-आठ बाया अंगणात बसू लागल्या. रॉकेल जपायचे असे, म्हणून रोज एकच रात्र वाचायची, असा नेम होता. यात त्यांना काही नवे वाटले नाही. श्रावणात देवळात ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ या पोथ्या लागत. एकाने वाचायचे आणि साऱ्या गावाने ऐकायचे, ही रीत त्यांना लहानपणापासून ठाऊक होती. नवे एवढेच होते की, वाचणारी मुलगी होती, आणि ऐकणाऱ्या साऱ्या बायका होत्या.

त्या ऐकत कशा, हे सांगायला हवे. मथुरी कांडपिणीची गोष्ट आली, तेव्हा त्यांना आपल्यातलीच कोणीतरी भेटल्यासारखे वाटले. अंगात ताप असताना कामावर जाणे म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकाने सांगायला नको होते. अळणी भाजीच्या रात्री त्या खूप हसल्या आणि “असा नवरा मिळाया पुण्य लागतं,” असे एकीने म्हटले. मोठे होण्यासाठी पुस्तके हवीत म्हणून श्याम पैसे चोरतो, त्या रात्री साऱ्यांनी माझ्याकडे पाहिले. आई म्हणाली, “आमच्या पोरीनं मागून घेतलं.” खरे म्हणजे मी मागितलेही नव्हते.

एक रात्र विसरता येत नाही. अंगणाच्या कडेला, इतरांपासून जरा लांब, बौद्धवाड्यातील एक आजी येऊन बसत. खडीच्या ढिगावर साऱ्या शेजारी शेजारी बसत. पण पिण्याच्या पाण्याची घागर तिथेही वेगळी होती. त्या रात्री मोळीवाल्या म्हातारीची गोष्ट आली. अस्पृश्य म्हातारीची मोळी पडते, कोणी उचलून देत नाही, तेव्हा श्यामची आई श्यामला पाठविते आणि घरी आल्यावर आंघोळ कर असे सांगते. मी वाचून थांबले. साऱ्या बाया ‘किती चांगली बाई!’ म्हणत असताना त्या आजी हळूच म्हणाल्या, “मोळी उचलली, चांगलं केलं. पर आंघोळ कशापायी?”

कोणी काहीच बोलले नाही. कंदील फडफडत होता. मी पुस्तकात उत्तर शोधू लागले, तिथे नव्हते. दुसऱ्या रात्री आई अंगणात गोणपाट अंथरताना एक कडेला न टाकता मध्ये टाकले आणि त्या आजी आल्यावर म्हणाली, “हितं बसा, मावशी. लांबनं नीट ऐकू येत न्हाई.” यापलीकडे काही घडले नाही, घागरी लगेच एक झाल्या, असे मी खोटे सांगणार नाही. पण पुस्तकावर प्रेम करावे आणि त्याला प्रश्नही विचारावा, हे मी त्या रात्री शिकले, आणि ते मला शाळेची पायरी न चढलेल्या एका आजींनी शिकविले.

मोठेपणी, वाचनाचा नाद वाढल्यावर, त्या ओसरीतील पुस्तके तिथवर कशी पोचली याचा मी शोध घेऊ लागले. तेव्हा ध्यानात आले की, त्या बाकांवर शेदीडशे वर्षांचा इतिहास मांडलेला होता. मराठी मुलांसाठी छापील पुस्तके निघू लागली ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी. मुंबईत १८२२ साली शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. त्या काळात सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके मराठीत आणली. ‘बाळमित्र’ मूळचे बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे. ते इंग्रजीतून मराठीत आले. म्हणजे आमच्या बाकावरच्या इसापनीतीचे मूळ एवढे जुने!

पुढे १८७३ साली अमेरिकन मिशनचे ‘बालबोधमेवा’ निघाले. १८८१ साली विनायक कोंडदेव ओकांनी ‘बालबोध’ हे मासिक काढले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती असा सारा मजकूर बहुतांशी एकट्याने लिहून त्यांनी ते १९१४ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी ‘आनंद’ सुरू केले. गोपीनाथ तळवलकरांनी ते पुढे अनेक वर्षे सांभाळले. १९५१ साली भा. रा. भागवतांनी ‘बालमित्र’ काढला; याच भागवतांनी पुढे फुरसुंगीचा फास्टर फेणे मराठी मुलांना दिला. १९५२ पासून ‘चांदोबा’ मराठीत येऊ लागला. यांपैकी कोणालाही या व्यवसायात धन मिळाले असेल असे वाटत नाही.

आणि आमच्या नगरचा या इतिहासातील वाटा पाहून तर मला अभिमान वाटला. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे; महाराष्ट्रातील अगदी जुन्या वाचनालयांत त्याची गणना होते. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली नगरलाच सुरू झाले. त्याच ‘ज्ञानोदया’त १८५५ साली मुक्ताबाई या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्याच्या शाळेत ती शिकत होती. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिले, आणि ज्यांना धर्माचे ग्रंथ पाहण्याचाच अधिकार नाही त्यांचा धर्म कोणता, असा तिचा प्रश्न होता. तो निबंध मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला आमच्या अंगणातल्या आजी आठवल्या. तोच प्रश्न, सव्वाशे वर्षांपूर्वी, एका शाळकरी मुलीने लिहून ठेवलेला.

पुण्यात १८४८ साली एक वाचनालय सुरू झाले. तेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. त्याच साली भिडेवाड्यात फुल्यांची मुलींची शाळा सुरू झाली. एकाच गावात, एकाच वर्षी पुस्तकांचे घरही झाले आणि मुलींची शाळाही. पण त्या शाळेपासून त्या घरापर्यंतची वाट बायकांना फार लांब पडली. रमाबाई रानडे यांचे लग्न १८७३ साली झाले आणि न्यायमूर्तींनी त्यांना शिकवायला घेतले, तेव्हा घरातल्याच वडीलधाऱ्या बायकांनी त्यांना किती छळले, हे त्यांनी १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत सांगितले आहे. काशीबाई कानिटकरांनाही वाचायला शिकताना घरच्यांचा डोळा चुकवावा लागला. पुढे त्याच बाईंनी आनंदीबाई जोशी यांचे चरित्र लिहिले. आमच्या नगरला राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी शाळेत न जाता ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. बहिणाबाई चौधरींना तर लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, गाणी उतरवून घेतली होती म्हणून १९५२ साली ती छापली गेली. माझ्या आईलाही जात्यावरच्या ओव्या शेकड्यांनी पाठ होत्या. त्या मी उतरवून घेतल्या नाहीत, ही खंत मात्र माझ्या मनात कायमची राहिली.

ही सारी नावे मी विद्वत्ता दाखविण्यासाठी देत नाही. आपण आज दुपारी मंडळाच्या कपाटातून पुस्तक काढतो आणि उशाशी घेऊन आडव्या होतो, त्यात कोणाला काही विशेष वाटत नाही. पण कोणीतरी टोमणे सोसले, कोणी चोरून वाचले, कोणी खडी फोडून पैसे दिले, तेव्हा ही दुपार आपल्या वाट्याला आली आहे.

आता दुष्काळातल्या त्या वाचनाचा शेवट सांगते. संक्रांत मध्ये येऊन गेली. त्या वर्षी तीळ-गुळाला पैसे नव्हते. हळदीकुंकवाला आलेल्या बायांना आईने कुंकू लावले आणि वाण म्हणून त्या रात्रीची गोष्ट ऐकविली. काही दिवस खंड पडला, तरी फेब्रुवारीत बेचाळीस रात्री पुऱ्या झाल्या. शेवटच्या रात्रींना श्यामच्या आईचे दुखणे वाढत जाते, तेव्हा मला वाचवेना. एक बाई म्हणाली, “वाच पोरी, रडून वाच.” मी रडत रडत वाचले.

त्यानंतरच्या पंधरवड्याचा पगार वाटायचा होता. शनिवारी शाळा लवकर सुटली म्हणून मी आईबरोबर कामावर गेले होते. टेबलावर हजेरीपट उघडा होता, कारकून नावे पुकारी, बाया पुढे होऊन अंगठा देत आणि दिले ते पैसे घेत. आईचे नाव आले. मी टेबलाशी उभी होते; उलट्या बाजूने वाचायची सवय ट्रंकेपाशी उभे राहून झालीच होती. पटावर आईचे दहा दिवस लिहिले होते. ती अकरा दिवस गेली होती, हे मला पक्के ठाऊक होते. कारण ती गेली की चूल मला पेटवावी लागे. घसा कोरडा पडला, पण मी म्हटले, “काका, अकरा दिवस झालेत. इथं दहाच लिहिलेत.” कारकुनाने चष्म्यावरून पाहिले. खुणा पुन्हा मोजल्या. अकरा होत्या, बेरजेत दहा लिहिले होते. ती चूक होती की आणखी काही, ते तोच जाणे. त्याने आकडा दुरुस्त केला आणि जास्तीचे पैसे टेबलावर ठेवले.

तेवढ्यात मागच्या बाईने माझा दंड धरला. “पोरी, माझं बी बघ.” मग तिच्या मागची. मग अंगणातल्या त्या आजी. त्या दिवशी मी साऱ्यांचे दिवस वाचून पाहिले. आणखी दोघींचे कमी निघाले. घरी येताना आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “पुस्तकाचं पैसं वसूल झालं.” त्याच उन्हाळ्यात तिने माझ्याकडून आपले नाव लिहायला शिकून घेतले. जमिनीवर काटकीने, मग पाटीवर. काम बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या पगाराला तिने सही केली. अक्षरे वाकडी होती, आणि कारकुनाला थांबावे लागले. आई म्हणाली, “थांबा की जरा. मी बी लई थांबलेय.”

दुष्काळ सरला. त्या दुष्काळातून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, तो १९७७ साली. आमच्या शाळेत नंतरही प्रदर्शने झाली. पुढच्या काही वर्षांत रशियाहून मराठीत छापून येणारी पुस्तकेही बाकांवर दिसू लागली. जाड कागद, सुरेख चित्रे आणि किंमत इतकी कमी की विक्रेत्यालाच नवल वाटे. सोव्हिएत संघ १९९१ साली मोडला आणि ती पुस्तके येणे थांबले. बाईंनी मुलामुलींना एकाच वेळी पुस्तके पाहू द्यावीत असा आग्रह धरला आणि दुसऱ्या वर्षापासून तसे झाले.

आज मुलांपुढे पुस्तके आहेत, पुस्तकांचे उत्सव आहेत. सातारा जिल्ह्यातील भिलार २०१७ साली पुस्तकांचे गाव झाले. पुण्यात २०२३ पासून डिसेंबरात फर्ग्युसन महाविद्यालयाच्या मैदानावर मोठा पुस्तक महोत्सव भरतो. मी माझ्या नातीला घेऊन जाते. तिथली गर्दी पाहून आनंद होतो. पण एक गोष्ट पाहून मन खट्टू होते. पुष्कळ आया मुलांच्या हातातले पुस्तक काढून घेतात आणि ‘हे नको, हे घे, याने मार्क वाढतील,’ असे म्हणतात. माझ्या आईला एक अक्षर येत नव्हते, आणि तिने एवढेच विचारले होते, “हिचं कोणतं?”

भगिनींनो, म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी एक सूचना आहे; कार्यकारिणीने तिचा विचार करावा. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आपण डबे, वाट्या, चाळण्या यांऐवजी पुस्तकांचे वाण द्यावे. त्यासाठी एक दिवस सभागृहात पुस्तके मांडावीत, वस्तीतील मुलामुलींना बोलवावे, आणि आपल्या घरी कामाला येणाऱ्या बायांच्या मुलींना आधी पाहू द्यावे. ज्या मुलीने जे उचलले ते तिचे. आपण फक्त पैसे द्यावेत आणि जमल्यास रात्री तिच्याकडून एखादे पान वाचून घ्यावे. मांडणीला मी आहेच. बाके जोडून सतरंज्या अंथरायची सवय मला लहानपणापासून आहे.

आई २००९ साली गेली. ती प्रत माझ्याजवळ आहे. कव्हर गेले, पाने पिवळी पडली. मोळीच्या गोष्टीवर कंदिलाच्या तेलाचा डाग आहे. पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने, वाकड्या अक्षरांत, आईचे नाव आहे. ते तिने स्वतः लिहिलेले आहे.

मंडळाला वर्धापनदिनाच्या शुभेच्छा.